मास्टर म्हणजे नेमकी कोणती टेप? एका ध्वनिसंग्रहाच्या यादीचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका संस्थेकडे काही दशकांत जमलेला ध्वनिसंग्रह होता. त्यात भाषणं, मुलाखती, तालमी आणि गाण्याचे कार्यक्रम होते. जुना ऐवज पाव इंची फितीच्या स्पूलवर, त्यानंतरचा कॅसेटवर, थोडा मायक्रोकॅसेटवर आणि एका कपाटात तबकड्या. हे सगळं डिजिटल करून घ्यायचं ठरलं. संग्रह सांभाळणाऱ्या बाईंकडे वहीतली यादी होती. ती संगणकावर चढवायची, टेपांबरोबर तंत्रज्ञाकडे पाठवायची आणि परत येणाऱ्या फाइलींना त्याच यादीतली नावं द्यायची, असा साधा बेत होता.

वहीत तीन वेगवेगळ्या माणसांचं अक्षर होतं. पहिला नोंद करणारा स्पूलच्या काळातला, दुसरा कॅसेटच्या, तिसरा सीडीच्या. प्रत्येकानं आपल्यासमोरच्या यंत्राची भाषा वापरली होती, आणि ती भाषा दिसायला एकच होती: रेकॉर्ड, टेप, कॉपी, मास्टर, ट्रॅक, साइड, स्लो, ब्लँक. यादी संगणकावर चढवणाऱ्या दोन तरुण स्वयंसेवकांना यातला एकही शब्द अडला नाही. अडला असता तर बरं झालं असतं. अनोळखी शब्द दिसला की माणूस विचारतो, ओळखीचा दिसला की पुढे जातो.

अडचण कुठे दिसली

पहिली खेप परत आली तेव्हा बाईंनी सहज म्हणून एक मुलाखत लावली. डाव्या कानात प्रश्न स्वच्छ ऐकू येत होता. उजव्या कानात कुणीतरी उलटं बोलत होतं. शब्दांचं शेपूट आधी फुगत यायचं आणि सुरुवात एकदम तुटायची. स्वयंसेवकांनी हीच फाइल आदल्या दिवशी ऐकली होती आणि शेऱ्यात लिहिलं होतं: 'उजवा चॅनल खराब, काढून टाकावा.'

उजवा चॅनल खराब नव्हता. त्यात दुसरी मुलाखत होती.

हे कसं घडलं ते नीट सांगायला हवं, कारण प्रकरणाचं मूळ इथेच आहे. वहीत त्या स्पूलपुढे 'ट्रॅक 1' आणि 'ट्रॅक 2' अशा दोन नोंदी होत्या. स्पूलवाल्याच्या भाषेत ट्रॅक म्हणजे फितीवरचा पट्टा. अर्ध्या रुंदीच्या पट्ट्यावर एका दिशेनं मुद्रण करायचं, स्पूल उलटी करायची आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसऱ्या दिशेनं. स्वयंसेवक सीडी आणि एमपी3 बघत मोठे झालेले. त्यांच्या लेखी ट्रॅक 2 म्हणजे पहिलं संपल्यावर सुरू होणारं दुसरं. म्हणून संगणकावरच्या यादीत एकामागून एक दोन मुलाखती झाल्या आणि 'दोन्ही बाजू वाजवाव्यात' ही सूचना कुठेच उरली नाही. तंत्रज्ञाचं यंत्र पाव ट्रॅकचं स्टिरिओ होतं. त्याचं हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, फितीचे चार पट्टे धरतं, आणि एका दिशेनं जाताना पहिला आणि तिसरा पट्टा एकदम वाचतं. पहिला पट्टा वरच्या अर्ध्यात, म्हणजे सरळ मुलाखतीत. तिसरा खालच्या अर्ध्यात, म्हणजे उलट दिशेनं मुद्रित झालेल्या मुलाखतीत. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं.

मग बाकीच्या फाइली काळजीनं ऐकल्या गेल्या. काही भाषणं चिमण्यांची किलबिल वाटावी अशी होती: वेग दुप्पट, स्वर एक सप्तक वर, वेळ निम्मी. वहीत त्यांच्यापुढे 'स्लो' लिहिलेलं. तंत्रज्ञानं आपल्या यंत्रावरचा कमी वेग लावला, सेकंदाला 9.5 सेंटिमीटर. पण त्या टेपा हातात नेण्याच्या यंत्रावर 4.75 नं भरलेल्या होत्या. वहीतल्या दुसऱ्या पानावर मात्र तोच 'स्लो' खरोखरच 9.5 होता. एकाच शब्दाचे दोन वेग, आणि दोघेही नोंद करणारे आपापल्या जागी बरोबर.

सगळ्यात महागात पडला तो 'मास्टर'. एका जुन्या गायनाच्या कार्यक्रमाची कॅसेट 'मास्टर' म्हणून नोंदलेली होती आणि त्याच कार्यक्रमाच्या स्पूलपुढे फक्त 'जुनी' असा शेरा होता. तंत्रज्ञाचं म्हणणं रास्त होतं: "मॅडम, यादीत मास्टर लिहिलंय म्हणून मी तीच घेतली. जुनी कशाला चढवू?" कॅसेटच्या काळातल्या नोंद करणाऱ्यानं मास्टर हा शब्द 'जिच्यावरून लोकांना प्रती काढून द्यायच्या ती कॅसेट' या अर्थानं वापरला होता. म्हणजे सेकंदाला 19 सेंटिमीटरनं धावणाऱ्या पाव इंची फितीवरचं मूळ मुद्रण कपाटातच राहिलं, आणि जतन झाली ती 4.76 सेंटिमीटरनं सरकणाऱ्या, जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंदीच्या फितीवरची प्रत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळं तंत्रज्ञावर सोपवण्याचा. त्याला टेपा द्या, तो बघून ठरवेल. हा वाटतो तितका वाईट नाही. अनुभवी माणूस फीत हातात घेऊन बरंच ओळखतो. पण कुठल्या माणसाचा आवाज कुठे आहे, कोणता कार्यक्रम कशाची प्रत आहे, हे त्याला कळण्याचं कारण नाही. शिवाय उद्या तंत्रज्ञ बदलला की त्याच्या डोक्यातली माहितीही गेली.

दुसरा पर्याय समितीतल्या एका सदस्यांनी मांडला: शुद्ध मराठी पारिभाषिक शब्दांची यादी करा आणि वहीतले इंग्रजी शब्द बदलून टाका. ध्वनिफीत, ध्वनिमुद्रिका, ध्वनिक्षेपक. या सूचनेला मी हसणार नाही, कारण यातले काही शब्द खरोखर उपयोगी आहेत. तबकडी हा शब्द तर 'रेकॉर्ड'पेक्षा कितीतरी नेमका. पण सदस्यांच्या यादीतला एक शब्द अडला. ध्वनिक्षेपक हा कुणी माइकसाठी वापरतं, कुणी स्पीकरसाठी, आणि दोन्ही वापर छापील मजकुरात सर्रास सापडतात. आवाज आत घेणारं आणि बाहेर फेकणारं यंत्र एकाच नावाखाली नोंदलं तर इंग्रजी शब्दांनी केला तोच गोंधळ मराठी शब्द करणार. माइक आणि स्पीकर तसेच ठेवावेत यावर मग फारसा वाद झाला नाही.

तिसरा पर्याय थोडा कंटाळवाणा होता. शब्दांची भाषा न बदलता प्रत्येक शब्द कशाबद्दल बोलतो ते आधी ठरवायचं. हातात धरता येते ती वस्तू, तिच्यावर असलेलं मुद्रण आणि त्यावरून काढलेली फाइल या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीतल्या जवळजवळ प्रत्येक घोटाळ्यात यातल्या एकीचं नाव दुसरीला लागलेलं होतं. 'रेकॉर्ड' हे तर चौघांचं नाव: तबकडी, मुद्रण, मुद्रण करण्याची क्रिया, आणि वहीतली नोंद स्वतः.

बाईंनी तिसरा पर्याय निवडला. वेळ सगळ्यांत जास्त त्यालाच लागणार, हे ठाऊक असून.

काय केलं गेलं

पहिला निर्णय वहीबद्दलचा, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा. वहीतले जुने शब्द दुरुस्त करायचे नाहीत. ते जसेच्या तसे एका रकान्यात ठेवायचे, शेजारी नोंद करणारा पहिला, दुसरा की तिसरा ते लिहायचं, आणि नवी माहिती वेगळ्या रकान्यांत भरायची. 'स्लो' पुसून '4.75' लिहिलं आणि ते चुकलं, तर मागे जायला वाटच राहत नाही. नोंद करणारा कोण हे कळलं की त्याचा 'स्लो' कुठला याचा निदान अंदाज येतो.

पहिल्या नोंद करणाऱ्या माणसाशी गाठ घालून देणारं कुणी सुदैवानं सापडलं. तो नोंद करणारा म्हणजे एक निवृत्त ध्वनिमुद्रक, वय झालेलं, पण स्मरण पक्कं. बाईंनी विचारलं, "काका, तुमचा स्लो म्हणजे किती?" ते म्हणाले, "पावणेचार. आणि फास्ट म्हणजे साडेसात. त्याच्या खालचं मी स्लो नाही म्हणायचो, ते मी नोंदवायचोच नाही, लाज वाटायची." पावणेचार इंच म्हणजे 9.5 सेंटिमीटर, साडेसात म्हणजे 19. एका वाक्यात वहीचा तिसरा हिस्सा उलगडला. दुसऱ्या नोंद करणाऱ्याला विचारणं शक्य नव्हतं, तिथे मोजमाप करावं लागलं.

मोजमाप करतानाही शब्द आडवे आलेच. एका पाच इंची स्पूलवर लिहिलं होतं 'एक तासाचं भाषण'. साध्या जाडीची फीत अशा स्पूलवर सुमारे 183 मीटर मावते. 9.5 नं ती एका बाजूला 32 मिनिटं चालते, 4.75 नं 64. मग एक तास म्हणजे 9.5 नं दोन्ही बाजू, की 4.75 नं एकच बाजू? आकडे दोन्हींना हो म्हणतात. शेवटी लावून ऐकणं हाच उपाय. बोलणं असलं तर वेग चुकल्याचं दोन सेकंदांत कळतं. 'वेग' हा रकाना म्हणून दोन भागांत मोडला: कागदावर लिहिलेला आणि ऐकून ठरलेला.

'मास्टर' हा शब्द नव्या रकान्यांत वापरायचाच नाही असं ठरलं. त्याऐवजी 'थेट मुद्रण' म्हणजे माइकवरून आलेलं, आणि 'प्रत' म्हणजे दुसऱ्या मुद्रणावरून उतरवलेली. प्रतीपुढे पिढीचा आकडा, म्हणजे मूळ मुद्रणापासून ती कितवी उतरवणी. 'भरलेली कॅसेट' हा आपल्या तोंडी बसलेला शब्दही याच कारणानं बाजूला ठेवला, कारण कॅसेट भरून घेणं म्हणजे बहुधा दुसरीकडून उतरवून घेणं, पण कार्यक्रमात समोर बसून भरलेल्या कॅसेटलाही आपण तेच म्हणतो.

थेट की प्रत हे ओळखायचं कसं? तंत्रज्ञानं स्वयंसेवकांना एक खूण शिकवली, ती इथे मुद्दाम नोंदवतो. संपादन करताना फीत कापून चिकटपट्टीनं जोडली जाते. असा जोड कानाला ऐकू येतो, म्हणजे मागची खोलीची गुंजन एकदम बदलते, टाळी मध्येच तुटते. पण त्याच जागी फितीवर जोड दिसत नसेल, तर तुमच्या हातात बहुधा प्रत आहे. जोड जिच्यावर दिसतो ती टेप मागच्या पिढीची. हा शोध लागल्यावर एक स्वयंसेवक इतका रंगला की आठवडाभर तो फक्त जोड शोधत होता.

खात्री नसेल तिथे 'मूळ असावी' आणि 'माहीत नाही' अशी दोन उत्तरं मान्य केली गेली. 'माहीत नाही' लिहायला लोक कचरतात. रकाना रिकामा सोडला तर बघायचं राहिलं की बघून कळलं नाही, हे पुढच्याला समजत नाही.

'ब्लँक'चंही असंच. वहीत ब्लँक लिहिलेल्या कॅसेटमध्ये कधी फक्त दुसरी बाजू कोरी होती, कधी पुसलेली होती, कधी सुरुवातीची पाच मिनिटं शांत आणि मग अख्खं व्याख्यान. नियम झाला की शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कोरी म्हणायचं नाही. नव्वदच्या कॅसेटला एका बाजूची 45 मिनिटं शांतता ऐकावी लागते. ते काम कुणाला आवडलं नाही.

दोषांचे शब्द

या भागावर जरा जास्त थांबतो, कारण इथे मराठी शब्दांनीच वाट दाखवली. वहीत आवाजाच्या दर्जासाठी एकच शेरा होता: 'खराब आवाज'. स्वयंसेवकांना सांगितलं, तांत्रिक शब्द शोधू नका, जे ऐकू येतं ते घरात बोलता तसं लिहा. आलेल्या शब्दांत खरखर, फुसफुस, गुणगुण, टकटक, आवाज फाटतो, आवाज हेलकावतो, आवाज थरथरतो, दबलेला आवाज, आणि एकानं लिहिलेलं 'पुढचं वाक्य आधी बारीक ऐकू येतं' असं सगळं होतं.

तंत्रज्ञ हे वाचून खूश झाला. कारण यातला जवळजवळ प्रत्येक शब्द वेगळ्या कारणाकडे बोट दाखवतो. फुसफुस म्हणजे फितीचा स्वतःचा नाद. गुणगुण बहुधा विजेची. हेलकावे यंत्राच्या चालीतले. 'पुढचं वाक्य आधी' म्हणजे गुंडाळीतल्या एका वेढ्याची चुंबकीय छाप शेजारच्या वेढ्यावर उमटलेली. फाटलेला आवाज बहुतेक वेळा मुद्रणाच्या वेळीच फाटलेला असतो, पातळी जास्त ठेवल्यामुळे, आणि तो परत वाजवून सुधारत नाही. दबलेला आवाज मात्र वेगळा. तो वाजवणाऱ्या हेडचा कोन मूळ यंत्राच्या कोनाशी जुळला नाही तरी येतो, हेडवर मळ साचला तरी येतो. एका दबलेल्या मुलाखतीत तंत्रज्ञानं हेडचा स्क्रू किंचित फिरवला आणि 'स', 'श' ही अक्षरं जागच्या जागी आली.

म्हणून दोषांच्या रकान्याशेजारी एक छोटा प्रश्न जोडला गेला: दोष मुद्रणातला की वाजवण्यातला? वाजवण्यातला असेल तर टेप परत लावण्यात अर्थ आहे. मुद्रणातला असेल तर टेपेला आणखी त्रास देऊ नये. सगळ्या नव्या रकान्यांत सर्वांत जास्त उपयोग याचाच झाला.

जाता जाता डॉल्बीचं. काही कॅसेटच्या वेष्टनावर डॉल्बी बी नोंदलेलं होतं. मराठी तोंडात डॉल्बी म्हणजे भिंतीएवढे स्पीकर, म्हणून एका स्वयंसेवकानं तो शेरा 'मोठ्या आवाजात वाजवलेला कार्यक्रम' असा समजून घेतला. इथे डॉल्बी म्हणजे फुसफुस कमी करण्याची पद्धत. मुद्रण करताना ती वापरली असेल तर वाजवतानाही चालू ठेवावी लागते, नाहीतर आवाज नको तितका टोकदार येतो.

पहिल्या खेपेचं काय करायचं

इथे दोन मतं होती. उलट्या मुलाखती असलेला चॅनल संगणकावर उलटा फिरवला की बोलणं सरळ होतं. दुप्पट वेगाची फाइल निम्म्यानं लावली की माणूस माणसासारखा बोलतो. मग परत टेपा कशाला चढवायच्या? विरुद्ध बाजू अशी की पाव ट्रॅकच्या हेडनं अर्ध्या पट्ट्याचा फक्त एक भाग वाचला, त्यामुळे मुद्रणाच्या मानानं फुसफुस वाढली. आणि वेग बदलला की इक्वलायझेशन, म्हणजे बारीक-जाड स्वरांचा तोल साधण्याची मांडणी, बहुधा बदलतं, ते फाइल नुसती हळू करून जुळत नाही.

निर्णय मधला झाला. संगणकावर सरळ केलेल्या फाइली फक्त ओळख पटवायला वापरायच्या, जतनासाठी टेपा योग्य यंत्रावर पुन्हा वाजवायच्या. जतनाची फाइल 96 किलोहर्ट्‌झ, 24 बिट (आवाज किती बारकाईनं टिपला ते हे आकडे सांगतात), वेव्ह प्रकारात. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयासाची, मार्गदर्शिका किमान 48 किलोहर्ट्‌झ आणि 24 बिट सांगते, त्याच्या वर राहायचं ठरलं. खरखर काढून 'साफ केलेली' फाइल ही ऐकण्याची फाइल. तिला जतनाची म्हणायचं नाही.

परिणाम

स्पूलची यादी पूर्ण झाली, कॅसेटची बरीचशी. गायनाच्या कार्यक्रमाची मूळ स्पूल नव्यानं उतरवली गेली आणि तानपुऱ्याच्या तारा कॅसेटच्या फाइलीत नव्हत्या इतक्या मोकळ्या ऐकू आल्या. उजव्या चॅनलमधली मुलाखतही सरळ झाली.

किंमतही पडली. पहिल्या खेपेतल्या काही टेपांचा बंधक, म्हणजे चुंबकीय थर फितीला धरून ठेवणारा पदार्थ, ओलावा शोषून चिकट झालेला होता. अशी पॉलिएस्टर फीत सुमारे 50 अंश सेल्सियसला काही तास नियंत्रित उष्णता देऊन तात्पुरती वाजण्याजोगी करतात, आणि तेवढ्या काळात उतरवून घ्यावं लागतं. ती संधी चुकीच्या हेडवर वाया गेली होती. टेपा पुन्हा तापवाव्या लागल्या. एकीवर दुसऱ्या खेपेला जागोजाग आवाज गळलेला आहे. तो आधीही गळत होता की नाही हे सांगता येत नाही, कारण पहिल्या खेपेच्या शेऱ्यात फक्त 'खराब' आहे.

वेगळं काय करता आलं असतं

ध्वनिमुद्रक काकांना सुरुवातीलाच भेटायला हवं होतं. ते कुठे राहतात हे संस्थेतल्या दोघांना ठाऊक होतं, विचारायचं कुणाला सुचलं नाही. यादी चांगली दिसत होती, म्हणून.

पहिली खेप छोटी पाठवायला हवी होती: प्रत्येक नोंद करणाऱ्याच्या दोन-तीन टेपा, प्रत्येक प्रकारच्या शेऱ्याची एक. ऐकून मग पुढचं. आणि स्वयंसेवकांना यादी भरायला बसवण्याआधी एक स्पूल हातात देऊन यंत्रावर चढवू द्यायला हवी होती. स्पूल एकदा स्वतः उलटी करून लावली की 'ट्रॅक 2' कुणी दुसरं गाणं समजणार नाही.

तीन गोष्टी वेगळ्या नोंदवण्याची पद्धत मात्र मी जशी होती तशीच ठेवली असती. तिच्यावर आक्षेप होता की सामान्य वाचकाला वस्तू, मुद्रण आणि फाइल असा भेद जड जातो. वाचकाला तो दाखवायची गरजही नाही. त्याला नाव, विषय आणि वाजवायचं बटण पुरे. भेद नोंद करणाऱ्यासाठी आहे.

तबकड्यांचं कपाट अजून तसंच आहे. त्यांच्या लेबलांवर 78 छापलेलं असलं तरी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतल्या तबकड्या सगळ्याच मिनिटाला नेमक्या 78 फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत, सत्तरीपासून ऐंशीच्या वरपर्यंत वेग सापडतात. बोलण्यात एवढा फरक चटकन कळणार नाही, गाण्याची पट्टी मात्र बदलते. बाईंनी 'कागदावरचा वेग' भरून ठेवला आहे, 'ऐकून ठरलेला वेग' या रकान्यात 'बघायचं राहिलं' लिहिलं आहे, आणि पट्टी ओळखणारा कुणी बसायला तयार होईपर्यंत एकही तबकडी पाठवायची नाही असं समितीला कळवलं आहे.